तोफ ओतणारा रूमीखान

चांदबिबीचें नांव आपल्या नगरांत मुलाबाळांस ठाऊक आहे. परंतु तोफ ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी आम्हांस सहसा आठवत नाहीं. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरच्या या तुर्की कारागिरानें इ. स. १५४९ मध्यें येथें सुमारें १४ फूट लांबीची, ५५ टन वजनाची ‘मलिक-इ-मैदान’ तोफ ओतली. अशा कामाचीं साधनें विकत मिळत नसत; साचा, भट्ट्या सारें कारागिरासच घडवावें लागे, आणि साचा तडकला कीं धातु व कष्ट वायां जात. पुढें १६३२ मध्यें तोफ विजापुरास गेली. १८५४ मध्यें लिलांवांत तिला अवघे १५० रुपये आले. सुदैवानें ती विक्री रद्द झाली. निजामशाही बुडाली, आदिलशाही बुडाली. परंतु तोफेवर ओतणाऱ्याचें नांव आजही आहे. आपलें काम इतकें चोख करण्याची उमेद आम्हीं बाळगावी.