ऑईल कोणी मिसळायचं? सोइचिरो होंडा आणि तुमच्या खांद्यावरचा ब्रशकटर

इंग्लंडमध्ये घर घेतलं की घरामागे बहुतेक वेळा बाग येते, आणि बागेबरोबर ब्रॅम्बल नावाचं काटेरी झुडूप फुकट मिळतं. एक उन्हाळा दुर्लक्ष केलं की कुंपण दिसेनासं होतं. लॉनमोअरचं तिथे काही चालत नाही. मग आपण मोबाईलवर पेट्रोल ब्रशकटर शोधायला बसतो. पावसाळ्यात कोकणातले बागायतदार खांद्याला अडकवून ज्याने गवत काढतात तेच हे यंत्र, ज्याला आपल्याकडे बरेच जण नुसतं ग्रासकटर म्हणतात.

फोटोत सगळे सारखेच दिसतात. लांब दांडा, एका टोकाला पातं किंवा नायलॉनची दोरी, दुसऱ्या टोकाला मुठीएवढं इंजिन. किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक. माहिती नीट वाचली की एक शब्द दिसतो: काही ठिकाणी टू-स्ट्रोक, काही ठिकाणी फोर-स्ट्रोक.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळं ऑईल साठवलेलं नसतं, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ५०:१ प्रमाण असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑईल. ते ऑईलही पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून धूर आणि वास. शिवाय थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. फायदा असा की इंजिन हलकं, स्वस्त आणि कसंही तिरकं केलं तरी चालतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल वेगळं राहतं, टाकीत साधं पेट्रोल भरायचं. धूर कमी, पण सुटे भाग जास्त आणि वजनही थोडं जास्त.

थोडक्यात, मिसळण्याची कटकट गिऱ्हाइकाने करायची की कंपनीने आपलं डोकं लावून ती संपवायची? या प्रश्नामागे ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्या माणसाचं नाव तुमच्या घरातल्या ॲक्टिव्हावर लिहिलेलं असेल.

लोहाराचा पोरगा

सोइचिरो होंडाचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानच्या शिझुओका प्रांतातल्या कोम्यो गावात. आज हा भाग हामामात्सु शहरात येतो. वडील गिहेई लोहारकाम करायचे, पुढे सायकली दुरुस्त करू लागले. आई मिका विणकाम करायची. पुस्तकात डोकं घालणाऱ्यांपैकी हा पोरगा नव्हता. गावात पहिली मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे पळत सुटला आणि तिच्यातून रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास त्याच्या डोक्यात कायमचा बसला. १९१७ मध्ये हामामात्सुला आर्ट स्मिथ या अमेरिकन वैमानिकाचं विमान आलं. वडिलांची सायकल न विचारता घेऊन हा तिथे पोहोचला. तिकिटाला पैसे पुरेनात, मग झाडावर चढून विमान बघितलं.

१९२२ मध्ये तो टोकियोच्या आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागला. सुरुवातीला हातात पाना आलाच नाही. झाडलोट करायची आणि मालकाचं बाळ सांभाळायचं, एवढंच काम. तरी टिकून राहिला, काम शिकला आणि १९२८ मध्ये मालकाने त्याला हामामात्सुला त्याच गॅरेजची शाखा काढून दिली. गाडी दुरुस्त करून भागेना, म्हणून पळवायलाही लागले. १९३६ मध्ये तामागावाच्या शर्यतीत गाडी उलटली आणि होंडा जबर जखमी झाले.

पुढे त्यांनी पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. पिस्टन रिंग म्हणजे पिस्टनभोवतीची बारीक कडी. ती नीट बसली नाही तर इंजिन ऑईल पितं आणि ताकद गमावतं. टोयोटाकडे तपासणीला पाठवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. धातू आपल्याला कळत नाही हे ओळखून तिशीतला हा कारखानदार पोरांबरोबर तांत्रिक शाळेत जाऊन बसला. जे हवं ते शिकला, परीक्षा मात्र दिली नाही. रिंग जमल्या, कारखाना वाढला. मग १९४४ मध्ये एक कारखाना अमेरिकन बॉम्बहल्ल्यात गेला आणि जानेवारी १९४५ च्या भूकंपात दुसरा कोसळला. उरलंसुरलं त्यांनी ४,५०,००० येनला टोयोटाला विकलं.

धूर सोडणारी सायकल

युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये रेल्वे खचाखच भरलेल्या आणि पेट्रोल रेशनवर. १९४६ मध्ये होंडांना एका ओळखीच्या माणसाकडे सैन्याच्या वायरलेस सेटला वीज पुरवणारं छोटं इंजिन दिसलं. त्यांनी ते सायकलला जोडलं. टाकी म्हणून अंथरूण गरम करायची गरम पाण्याची बाटली लावली. पत्नी साची हिने चालवून बघितलं. असली सुमारे ५०० इंजिनं मिळाली, ती संपल्यावर १९४७ मध्ये स्वतःचं ए-टाइप इंजिन आलं. लोक त्याला आवाजावरून बाटा-बाटा म्हणायचे.

हे इंजिन टू-स्ट्रोक होतं. पेट्रोल पुरत नसल्यामुळे त्यात पाइनच्या मुळांपासून काढलेलं तेल मिसळायचे, म्हणजे धूर आणि वास विचारूच नका. आज टू-स्ट्रोक ब्रशकटरमागे जो निळसर धूर दिसतो, तोच अवतार. होंडा पुढे फोर-स्ट्रोकचे एवढे कट्टर का झाले, याचं उत्तर मला इथे सापडतं. मिसळलेल्या इंधनाची गंमत त्यांनी दुकानात उभं राहून स्वतः भोगली होती.

२४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली, माणसं ३४. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले. पैसा आणि विक्री त्यांनी बघायची, यंत्र होंडांनी बघायचं, अशी वाटणी झाली. फुजिसावा नसते तर ही कंपनी आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती, असं मला वाटतं. होंडांना इंजिन कळायचं, हिशेब नाही.

१९५१ मध्ये १४६ सीसीचं फोर-स्ट्रोक ई-टाइप आलं. चाचणी हाकोने घाटात. तेव्हाच्या मोटरसायकली या चढावर गरम होऊन बंद पडायच्या. त्या दिवशी पाऊस होता. इंजिनिअर कावाशिमा गाडीवर, आणि होंडा-फुजिसावा मोटारीने मागे. मोटरसायकल न थांबता वर पोहोचली आणि मोटार मागे राहिली.

लगेच टू-स्ट्रोक सुटलं असं मात्र नाही. १९५२ चं सायकलला लावायचं कब इंजिन टू-स्ट्रोकच होतं, कारण स्वस्त आणि हलकं हवं होतं. १९५३ मध्ये शेतीच्या अवजारांसाठी एच-टाइप इंजिन आलं. वाहन सोडून इतर कामाच्या होंडा इंजिनांची सुरुवात इथून झाली. ब्रशकटरचं इंजिन याच घराण्यातलं.

खरा धक्का १९५८ च्या सुपर कबने दिला. ५० सीसीच्या वर्गात सगळीकडे टू-स्ट्रोक असताना या गाडीत फोर-स्ट्रोक होतं, आणि क्लच आपोआप चालायचा, म्हणजे नूडल पोहोचवणाऱ्या पोऱ्याला एका हाताने गाडी चालवता यावी. २०१७ पर्यंत सुपर कब मालिकेच्या १० कोटी गाड्या बनल्या. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १२५ आणि २५० सीसी, दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे. १९६४ मध्ये कंपनीने बोटीला लावायचं फोर-स्ट्रोक इंजिनही काढलं. तेव्हा बोटींवर टू-स्ट्रोक सर्रास होतं, आणि त्याचं ऑईल थेट पाण्यात जायचं.

आपल्याकडे ही लढाई उशिरा आली. घरात कोणी बजाज चेतक चालवली असेल तर विचारून बघा, पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑईल घ्यावं लागायचं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली ती फोर-स्ट्रोक होती, आणि मायलेजवर विकली गेली.

जिथे हट्ट महागात पडला

होंडांचा दुसरा हट्ट म्हणजे इंजिन हवेने थंड करायचं, पाण्याने नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाणीसुद्धा शेवटी हवेनेच थंड करता ना, मग मध्ये पाणी कशाला? मोटरसायकलला हे पटतं. मोटारीला नाही.

१९६८ मध्ये कंपनीने फॉर्म्युला वनसाठी हवेने थंड होणारी आरए३०२ बनवली. होंडाचे ड्रायव्हर जॉन सर्टीस यांनी ती शर्यतीत चालवायला नकार दिला. मग फ्रान्समधल्या रुआँच्या शर्यतीत ती जो श्लेसर यांना दिली गेली. पावसात, पहिल्या काही फेऱ्यांतच गाडी बांधावर आदळून पेटली आणि श्लेसर गेले. आगीचं मोठं कारण गाडीत वापरलेला मॅग्नेशियम धातू होता, इंजिन थंड करायची पद्धत नव्हे. पण तयार नसलेली गाडी हट्टापायी मैदानात उतरली, हे राहतंच. या प्रकरणात मी होंडांची बाजू घेणार नाही.

त्यानंतरही १९६९ ची होंडा १३०० मोटार हवेनेच थंड होणारी निघाली. धूर कमी करायचा तर पाण्याचं कूलिंगच हवं, असं तरुण इंजिनिअर सांगत होते आणि साहेब ऐकत नव्हते. शेवटी फुजिसावांनी त्यांना विचारलं, तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनिअर म्हणून? होंडांनी अध्यक्षपद निवडलं आणि पाण्याला परवानगी दिली.

त्यातून १९७२ मध्ये सीव्हीसीसी इंजिन आलं. अमेरिकेचा धुराचा कडक नियम त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता पाळून दाखवला. होंडांना वाटत होतं, आता अमेरिकेच्या बड्या कंपन्यांना हरवायची संधी आहे. त्यांचे इंजिनिअर मात्र म्हणाले, आम्ही हे कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय. आपण मागे पडलो, हे त्यांना तिथे कळलं. १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघेही एकदमच निवृत्त झाले. नंतर होंडा देशभर फिरून कामगारांचे आणि दुकानदारांचे हात हातात घेऊन आभार मानत राहिले. ५ ऑगस्ट १९९१ ला ते गेले. मोठी अंत्ययात्रा नको, रस्त्यावर ट्रॅफिक जॅम होईल, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मग ब्रशकटरचं काय?

तोवर खांद्यावरच्या यंत्रात टू-स्ट्रोकचंच राज्य होतं. साध्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल तळाशी साठतं, यंत्र उलटं-तिरकं केलं की ते भलतीकडे जातं. १९९७ मध्ये होंडा कंपनीने कोणत्याही कोनात चालणारं छोटं फोर-स्ट्रोक काढलं. आत एक फिरकी ऑईलचं धुकं करते आणि पिस्टनच्या हालचालीने होणारा दाब ते धुकं सगळीकडे फिरवतो. आजचं जीएक्स२५ याच पद्धतीचं, आणि ते हवेने थंड होतं. मोटारीत हरलेला म्हाताऱ्याचा हट्ट इथे बरोबर बसला.

विकत घेताना होंडाचंच घ्या असं नाही. बाग मोठी आणि वापर नेहमीचा असेल तर फोर-स्ट्रोक बघा, पण त्याचं ऑईल वेळेवर बदलावं लागतं. वर्षातून दोनदाच काम असेल तर हलकं टू-स्ट्रोक पुरतं. नाव वाचून फसू नका. स्टिल कंपनीच्या फोर-मिक्स इंजिनात व्हॉल्व्ह फोर-स्ट्रोकसारखे आहेत, तरी पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावंच लागतं. ब्रॅम्बलसाठी धातूचं पातं लावता येतं ना, दोन्ही खांद्यांचा पट्टा मिळतो ना, ते विचारा. पात्यावर काम करताना सायकलसारखं रुंद हँडल जास्त सुरक्षित, आणि डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा हवाच.

देशाचा नियम आधी तपासा. कॅलिफोर्नियात २०२४ पासून नव्याने बनणाऱ्या अशा पेट्रोल इंजिनांवर बंदी आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि उभ्या यंत्राचा कार्बोरेटर खराब करतं. तिथे सुपर ग्रेडचं ई५ भरा, आणि हिवाळ्यात ब्रशकटर शेडमध्ये ठेवण्याआधी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.