लोखंडी नांगराचा निर्माता

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांमधील भेद त्यांना ओळखता येत नसे. ते खचले नाहीत. त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षकाची नोकरी धरली. त्याच सुमारास, १८८८ मध्ये, बंधू रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले. पुढे नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले ४० नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. भांडवल अडकून पडले, तरी त्यांनी नांगर सोडला नाही. अशातच शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागाही सोडावी लागली.

या संकटात जोडलेली माणसे उपयोगी पडली. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये लक्ष्मणराव निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड माळावर आले. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशा सहकाऱ्यांच्या श्रमांतून तेथे कारखाना व वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी होय. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. युद्धाच्या तोफांचे शेतीचे नांगर झाले!

१९२० मध्ये या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. पुढील पिढीने १९४६ मध्ये बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा उद्योग उभारला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

पैसा थोडा असला, तरी चिकाटी आणि माणसांचा विश्वास हेही भांडवलच असते, हे त्यांच्या जीवनातून आपणांस शिकता येते.