विश्लेषण : गच्चीवरच्या अँटेनाला ज्यांचं नाव मिळालं, ते यागी कोण होते? नुसत्या बूस्टरने टीव्हीवरच्या मुंग्या का जात नाहीत?

आडव्या दांडीवर ओळीने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या आणि खाली उतरणारी एक वायर. केबल आणि डिश येण्याआधी घरात टीव्ही आहे की नाही, हे या सांगाड्यावरून कळायचं. वारा आला की कोणीतरी गच्चीवर चढून तो फिरवायचं आणि खालून दुसरं कोणीतरी ओरडून चित्र आलं की गेलं ते सांगायचं. या अँटेनाचं नाव आहे यागी अँटेना. ज्यांच्यावरून ते पडलं, त्या हिदेत्सुगु यागी यांच्या शोधाची किंमत त्यांच्याच देशाला, जपानला, युद्धात शत्रूकडून कळली.

कोण होते यागी?

यागी यांचा जन्म २८ जानेवारी १८८६ रोजी ओसाका इथे झाला. १९०९मध्ये टोकियो इम्पीरियल विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन ते सेंदाई शहरात शिकवू लागले. १९१३मध्ये त्यांना परदेशी शिक्षणासाठी पाठवण्यात आलं. जर्मनीत ड्रेस्डेनला त्यांनी बार्कहाउझेन यांच्याकडे काम केलं. पहिलं महायुद्ध पेटल्यावर ते लंडनला फ्लेमिंग यांच्याकडे आणि नंतर अमेरिकेत हार्वर्डला पिअर्स यांच्याकडे गेले. रेडिओचं शास्त्र घडवणाऱ्या तीन प्रयोगशाळा त्यांनी अशा आतून पाहिल्या. १९१९मध्ये सेंदाईच्या तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात अभियांत्रिकी शाखा सुरू झाली आणि ते तिथे प्राध्यापक झाले.

अँटेनाचा शोध कसा लागला?

त्या काळात जगभरातल्या रेडिओ कंपन्यांचा भर लांब लहरींवर होता. यागी यांनी काही मीटर किंवा त्याहून कमी लांबीच्या लहरींवर लक्ष दिलं. प्रयोग करताना एक विचित्र गोष्ट दिसली. अँटेनाजवळ धातूची एखादी मोकळी काडी ठेवली, की लहरींची दिशा बदलते. त्या काडीला ना वायर जोडलेली, ना वीज दिलेली.

या निरीक्षणाचा चिकाटीने पाठपुरावा केला तो यागी यांचे तरुण सहकारी शिन्तारो उदा यांनी. काडी किती लांब हवी, किती अंतरावर हवी, किती काड्या लावल्या तर काय होतं, याची मोजमापं त्यांनी केली आणि १९२६पासून ती जपानी भाषेत निबंधमालेतून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दोघांच्या नावाने एक इंग्रजी निबंधही आला. जपानमधलं पेटंट मात्र एकट्या यागींच्या नावाने निघालं. १९२८मध्ये यागींनी अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात इंग्रजी लेख लिहिला. त्यात त्यांनी उदांच्या कामाचा उल्लेख केला होता, पण वाचकांच्या लक्षात राहिलं ते लेखकाचं नाव.

या काड्या नेमकं काय करतात?

वायर जोडलेली काडी एकच असते. तिची लांबी लहरीच्या साधारण निम्मी ठेवतात. उदाहरणार्थ, २०० मेगाहर्ट्झची लहर दीड मीटरची असते, म्हणून काडी सुमारे ७५ सेंटीमीटरची लागते. तिच्या मागे थोडी लांब आणि पुढे थोड्या आखूड काड्या असतात. लहर आली की या मोकळ्या काड्यांतही वीज उमटते आणि त्या ती लहर पुन्हा फेकतात. लांबी आणि अंतर नीट जुळवलं, की समोरून आलेल्या लहरी मुख्य काडीवर एकमेकींना बळ देतात आणि मागून आलेल्या एकमेकींना खोडतात.

नीट बनवलेला तीन काड्यांचा अँटेना अशा रीतीने एकट्या काडीच्या सुमारे तिप्पट सिग्नल पकडू शकतो आणि त्यासाठी विजेचा एक थेंबही लागत नाही. मात्र त्याचं तोंड ट्रान्समीटरकडेच असावं लागतं. गच्चीवरची सगळी फिरवाफिरव त्यासाठीच होती.

जपानने दुर्लक्ष का केलं?

जपानी लष्कराला हा शोध कामाचा वाटला नाही. लहर सोडली की आपला ठावठिकाणा शत्रूला कळतो, असा तिथला विचार होता. अमेरिकेतल्या पेटंटचे हक्क आरसीए कंपनीकडे गेले. १९४१मध्ये जपानमधल्या पेटंटची मुदत वाढवण्याचा अर्जही नाकारला गेला.

फेब्रुवारी १९४२मध्ये जपानने सिंगापूर जिंकलं. तिथे ब्रिटिशांच्या रडारबद्दलची टिपणं सापडली. त्यात यागी हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि जपानी अधिकाऱ्यांना तो कळेना. शेवटी एका ब्रिटिश युद्धकैद्याला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे.

तोपर्यंत हा अँटेना जपानच्या शत्रूंच्या रडारवर बसला होता. १९४५मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेल्या अणुबॉम्बचा स्फोट ठरावीक उंचीवर व्हावा, म्हणून त्यात छोटी रडार होती. त्यांचे अँटेनाही यागी पद्धतीचेच होते.

युद्धानंतर काय झालं?

१९४४च्या अखेरीस यागींकडे सरकारच्या तंत्रज्ञान मंडळाचं अध्यक्षपद आलं होतं. १९४६मध्ये ते ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, पण युद्धकाळातल्या त्या पदामुळे त्याच वर्षी त्यांना पायउतार व्हावं लागलं. १९५२मध्ये त्यांच्या नावाने अँटेना बनवणारी कंपनी उभी राहिली आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी जपानमध्ये टीव्ही सुरू झाला. लष्कराने नाकारलेली वस्तू घराघरांच्या छपरावर चढली. त्याच वर्षी यागी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले आणि १९५६मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ कल्चर हा सन्मान मिळाला.

मग बूस्टर कशासाठी?

अँटेना घरोघरी गेल्यावर ट्रान्समीटरपासून लांबच्या घरांचा प्रश्न आला. त्यावर उपाय म्हणून बूस्टर, म्हणजे ॲम्प्लिफायर, लावला जाऊ लागला. पण त्याला सिग्नल आणि खरखर यातला फरक कळत नाही. तो दोन्ही वाढवतो आणि स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळतो. अँटेनाने जे पकडलंच नाही, ते बूस्टर कुठून आणणार?

त्याचा खरा उपयोग केबलमधली गळती भरून काढण्यासाठी आहे. यूएचएफ सिग्नल २० मीटर केबलमधून जाताना साधारण निम्मा होतो. दोन टीव्हींना वाटला, तर पुन्हा निम्मा. म्हणून बूस्टर टीव्हीमागे नव्हे, तर वर अँटेनाच्या शक्य तितका जवळ हवा. तिथे तो केबलमध्ये कमजोर होण्याआधीचा सिग्नल वाढवतो. ट्रान्समीटर जवळ असेल तर बूस्टर टाळलेलाच बरा, कारण अति जोरदार सिग्नलने ट्यूनर गोंधळतो आणि आहे ते चित्रही जातं.

डिजिटल प्रसारणात मुंग्या दिसत नाहीत. तिथे चित्र स्वच्छ असतं, चौकोनांत तुटतं किंवा थेट गायब होतं. क्रम मात्र तोच आहे : आधी योग्य अँटेना, मग उंची आणि दिशा, मग चांगली केबल आणि सगळ्यात शेवटी बूस्टर.

भारताशी काय संबंध?

नाव मागे पडलेले उदा १९५०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत होते. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १९५९मध्ये आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर जे सांगाडे उभे राहिले, त्यांची मोजमापं मुळात उदांनी सेंदाईत केलेली होती. आता दूरदर्शनने बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले आहेत. अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये मात्र लाखो घरं अजूनही छपरावरच्या अँटेनावर टीव्ही पाहतात.

यागींचं निधन १९ जानेवारी १९७६ रोजी झालं. नव्वदी पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उदाही गेले. इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत आता या अँटेनाला यागी-उदा म्हणतात. बाजारात तो अजूनही फक्त यागी आहे.