अलिखित नियमाचा बळी : जोश गिब्सन

अमेरिकेत काळ्या माणसाने मोठ्या बेसबॉल स्पर्धांत खेळू नये, असा कायदा कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या संघमालकांनी आपसांत ठरवले आणि दरवाजे बंद झाले. अलिखित नियम किती कडक असतो, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. जोश गिब्सनचे सारे आयुष्य त्या नियमाखाली गेले.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १९११ चा, दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातला. वडील पोटासाठी उत्तरेला पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात गेले, मागोमाग कुटुंबही गेले. १९३० साली, अठराव्या वर्षी, तो होमस्टेड ग्रेज या काळ्यांच्या संघात आला. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्याची पत्नी हेलन वारली. कोवळ्या वयात दोन तान्ह्या लेकरांचा बाप झालेला हा पोरगा खेळत राहिला.

काळ्यांची स्वतंत्र लीग रूब फॉस्टर या काळ्या खेळाडूने १९२० साली उभी केली होती. शिवाय गावोगाव सामने, रात्र रात्र बसचा प्रवास. गोऱ्यांच्या हॉटेलात ना खोली, ना जेवण. या हालातही गिब्सनच्या फटक्यांना तोड नव्हती. लोक त्याला काळा बेब रूथ म्हणत. आम्हाला हे विशेषण खटकते. मोजपट्टी नेहमी गोऱ्याचीच का?

वॉशिंग्टनचा प्रकार तर पाहण्यासारखा आहे. गोऱ्या सेनेटर्स संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ आपले मैदान ग्रेज संघाला भाड्याने देत. काळ्या प्रेक्षकांच्या तिकिटांतून आलेले भाडे त्यांना चाले, काळा खेळाडू मात्र चालत नसे. गिब्सन त्यांच्या डोळ्यांदेखत खेळला. करार त्याला मिळाला नाही.

१९४३ च्या आरंभी तो बेशुद्ध पडला. मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया नाकारून तो आणखी चार हंगाम खेळला. २० जानेवारी १९४७ रोजी, अवघ्या ३५ व्या वर्षी, तो गेला. तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला.

१९७२ साली गिब्सनला कूपर्सटाउनच्या बेसबॉल सन्मान दालनात स्थान मिळाले. तेव्हा पिट्सबर्गच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसला १९७५ साली.

गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी या सामन्यांची फारशी दखल घेतली नाही. धावफलक छापले ते पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर अशा काळ्यांच्या साप्ताहिकांनी. चळवळीच्या छोट्या वृत्तपत्रांना रद्दी म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. याच जुन्या अंकांतून अभ्यासकांनी एकेक आकडा वेचला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने काळ्यांच्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला. २०२४ साली आकडे अधिकृत नोंदीत आले : हजार संधींत गिब्सनचे यशस्वी फटके ३७२. आजवर पहिल्या क्रमांकावर होता ३६७ चा टाय कॉब, गोरा, आणि तोही जॉर्जियाचाच.