दारिद्र्यरेषा, पीक विमा आणि अनुशेष : तिन्ही हिशेबांमागचे वि. म. दांडेकर

भोकर : जुलै संपत आला की भोकर असो, हिमायतनगर असो की हदगाव, सेवा केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग दिसते. हातात सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. खरीप पीक विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३० जुलैला, आजच्या पीक विम्याची पद्धत ज्यांच्या अभ्यासातून निघाली त्यांचा स्मृतिदिन असतो. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक असतं. प्रा. विनायक महादेव दांडेकर, म्हणजेच वि. म. दांडेकर.

ग्रामीण भागात रोज कानावर पडणाऱ्या तीन गोष्टींशी या माणसाचा संबंध आहे. दारिद्र्यरेषा, पीक विमा आणि मराठवाड्याचा अनुशेष. तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच काम केलं. देशाचे आकडे हातात घेतले आणि त्यातून माणसं कशी जगतात याचा हिशेब मांडला. हा हिशेब सगळ्यांनाच पटला असं नाही. पण त्याला वगळून पुढे कुणाला जाता आलं नाही.

साताऱ्यातून पुण्यात

दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्यात झाला. कोलकात्याला जाऊन ते संख्याशास्त्र शिकले. त्या काळी प्रा. महालनोबिस यांच्यामुळे कोलकाता हे या विषयाचं देशातलं मोठं ठिकाण होतं. तिथून परतल्यावर ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत लागले. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे प्रमुख तेव्हा धनंजयराव गाडगीळ होते. पुस्तकातलं अर्थशास्त्र गावात जाऊन तपासायचं, ही गाडगीळांची शिस्त होती आणि दांडेकर त्याच शिस्तीत तयार झाले. त्यांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर याही त्याच संस्थेत होत्या आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक म्हणून ओळखल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरात काय खातात, किती खर्च करतात, शेत किती, काम किती दिवस मिळतं, हे निवडक गावांतल्या निवडक घरांना विचारून देशाचं चित्र काढायचं, अशी ही पाहणी. शिजलं का हे बघायला पातेल्यातली चार शितं दाबून बघतात, तसाच हा प्रकार. पण शितं सगळीकडून घ्यावी लागतात, नुसती वरची घेऊन चालत नाही. पहिल्या पाहणीतल्या काही कामाची जबाबदारी पुण्याच्या संस्थेकडे होती. त्यावरचा अहवाल दांडेकरांनी १९५३ मध्ये लिहिला.

पुढे कूळ कायद्याची पाहणी त्यांनी खुदानपूर यांच्यासोबत केली. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याचं गावात प्रत्यक्ष काय झालं, हे त्यात तपासलं गेलं. कुळांनी राजीखुशीने जमीन सोडली, अशा नोंदी कागदावर भरपूर होत्या. पण पाहणीत दिसलं ते असं की कायदा असूनही खंडाचे जुने व्यवहार बऱ्याच ठिकाणी तसेच चालू होते. १९५७ मध्ये हा अहवाल छापून आला. कागद आणि गाव यांच्यातलं अंतर मोजायची त्यांची सवय इथूनच दिसते.

गरीब कोणाला म्हणायचं?

गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होऊन दिल्लीला गेले. त्या सुमारास गोखले संस्थेची धुरा दांडेकरांकडे आली. १९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक झाली आणि ती गरिबी हटवण्याच्या घोषणेवर लढवली गेली. घोषणा राजकारणाची होती, पण गरीब नेमके किती, याचा हिशेब या दोघांनी मांडला.

त्यांची पद्धत सोपी होती. माणसाला दिवसाला सरासरी २,२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न लागतं. ज्या घरात एवढं अन्न मिळतं, त्या घराचा माणशी एकूण खर्च किती, हे नमुना पाहणीच्या आकड्यांतून काढलं. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी वर्षाला साधारण १७० रुपये आणि शहरात २७१ रुपये असा तो आकडा आला. याच्या खाली खर्च असणारे ते गरीब. या मापाने खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक पोटभर अन्नाच्या रेषेखाली निघाले. विकासाचा जास्त फायदा वरच्या थरालाच मिळाला, असंही त्या अभ्यासात दिसलं.

यावर वाद झालेच. थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी वेगळी बाजू मांडली. तेही मूळचे सातारा जिल्ह्यातलेच. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची भूक रोज सारखी नसते, शरीर कमी-जास्त खाण्याशी जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीची रेषा धरली तर उपाशी लोकांचा आकडा फुगतो. दांडेकरांनी त्याला लेखातून उत्तर दिलं. पुण्यातल्या या दोन अभ्यासकांचा वाद अनेक वर्षं चालला. पण दोघांनीही आकडे समोर ठेवूनच भांडण केलं.

दांडेकर आणि रथ नुसती मोजणी करून थांबले नाहीत. सगळ्यांना पुरेल एवढी जमीन वाटायला नाही, म्हणून गावात सरकारने कामं काढावीत आणि मागेल त्याला मजुरी द्यावी, असा उपाय त्यांनी सुचवला. त्यासाठीचा पैसा वरच्या थरातल्या लोकांच्या खर्चाला कात्री लावून उभा करायचा, हेही स्पष्ट लिहिलं. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली ती वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने, १९७२ च्या दुष्काळाच्या काळात. खडी फोडलेली ती पिढी आजही गावोगावी आहे. या योजनेचं श्रेय पागे यांचंच. पण दांडेकरांनी नंतर तिचा अभ्यास केला आणि ती कुठे कमी पडते हेही सांगितलं.

पीक विमा मंडळावर का?

शेतकऱ्याचा सगळ्यात जास्त राग असतो तो इथे. माझं सोयाबीन पाण्यात गेलं आणि विमा मात्र मंडळाच्या सरासरीवर, हे कसं? याचं उत्तर दांडेकरांच्या १९७६ च्या अभ्यासात आहे.

आधी देशात प्रत्येक शेताचं वेगळं नुकसान धरून विमा देण्याचा प्रयोग झाला. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसापासून त्याची सुरुवात झाली, पुढे आणखी काही पिकं आणि राज्यं आली. १९७८-७९ पर्यंत फक्त ३,११० शेतकरी त्यात आले. हप्त्याचे जमले ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. म्हणजे जमेच्या आठपट खर्च. असा विमा टिकत नाही.

दांडेकरांनी याची कारणं उलगडली. ज्याचं रान हलकं, पाण्याची सोय नाही, तोच विमा काढायला पुढे येतो. ज्याचं चांगलं, तो येत नाही. दुसरं, कोट्यवधी छोट्या शेतांत जाऊन नुकसान बघणं कोणत्याही कंपनीला परवडत नाही. तिसरं, नुकसान पावसाने झालं की निंदणी-खुरपणी न केल्याने, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. म्हणून त्यांनी शेताऐवजी एकसारख्या शेतीचा परिसर हा घटक धरायला सांगितलं. त्या परिसरात पीक कापणी प्रयोग करायचे, सरासरी उत्पन्न काढायचं, ते ठरलेल्या पातळीपेक्षा कमी आलं तर विमा काढलेल्या सगळ्यांना त्याच प्रमाणात भरपाई द्यायची.

१९७९ मध्ये या पद्धतीने प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८५ च्या खरिपात सर्वंकष पीक विमा योजना आली, १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपात पंतप्रधान पीक विमा योजना. नावं बदलली, पाया तोच राहिला.

सध्याच्या योजनेत मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी धरतात, तिला जोखीम स्तराने गुणतात, आणि त्यातून उंबरठा उत्पन्न निघतं. समजा, एका मंडळात सोयाबीनचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे आणि कापणी प्रयोगात सरासरी ८ क्विंटल आलं. तूट २० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई १० हजार. ज्याला दोनच क्विंटल झालं त्यालाही हेक्टरी १० हजार आणि ज्याला १२ क्विंटल झालं त्यालाही १० हजार. आणि सरासरी १० च्या वर गेली तर दोन क्विंटलवाल्याच्या हातात काहीच नाही.

हा अन्याय दांडेकरांच्या पद्धतीतच आहे, तो नाकारता येत नाही. पण त्यांची अट परिसर एकसारखा असावा ही होती. एका ओढ्याच्या अलीकडे ढगफुटी आणि पलीकडे कोरडं, एकीकडे काळी रानं आणि दुसरीकडे मुरमाड माळ, असं मंडळ असेल तर ती अट पाळलीच गेलेली नसते. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला, शेतकऱ्याच्या हिश्श्याचा हप्ता परत आला आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली गेली. त्यामुळे गावातला कापणी प्रयोग कोणत्या शेतात झाला, कोणासमोर झाला, वजन किती भरलं, यावरच आता सगळं ठरतं. मंडळ पातळीवर एका पिकाचे किमान दहा प्रयोग व्हायचे असतात. त्या दहा शेतांवर हजारो घरांचा पैसा अवलंबून असतो.

मराठवाड्याचा हिशेब

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलाबाबत सत्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष दांडेकर. तोवर मराठवाडा मागास आहे हे भाषणात सांगितलं जायचं. किती मागास, हे रुपयात कोणी सांगितलेलं नव्हतं.

१९८४ मध्ये अहवाल आला. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, सर्वसाधारण शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि मृदसंधारण, पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. सगळ्या राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी निघाला. त्यात विदर्भ १,२४६.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी आणि मराठवाडा ७५०.८५ कोटी, म्हणजे २३.५६ टक्के.

या आकड्यांवर मराठवाडा आणि विदर्भातून नाराजी उमटली. जिल्हा हा घटक धरल्यामुळे उर्वरित महाराष्ट्रातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांनाही अनुशेष मिळाला आणि त्यांचा वाटा मराठवाड्यापेक्षा मोठा निघाला. विभाग हा घटक धरला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. उलट, साताऱ्या-सोलापुरातला कोरडवाहू शेतकरी मागास नाही का, हा प्रश्नही खरा होता. आणि जिल्ह्याच्या सरासरीतही तालुका लपतोच. अर्धापूरची केळीची बागायत आणि किनवटचा डोंगरी भाग एकाच नांदेड जिल्ह्याच्या हिशेबात बसतो.

अहवाल रीतसर स्वीकारला गेला नाही. तरी अनुशेषासाठी निधी ठेवताना तोच आधार धरला गेला. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या पातळीवर पुन्हा मोजणी केली. मापं थोडी बदलली होती, पण रीत दांडेकरांचीच होती. तेव्हा राज्याचा अनुशेष १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी निघाला. म्हणजे मराठवाड्याचा वाटा २८ टक्क्यांच्या वर गेला. पहिली मोजणी झालेली होती म्हणूनच हा वाटा वाढल्याचं दाखवता आलं.

शेवटपर्यंत काम

गोखले संस्थेतून बाहेर पडल्यावरही दांडेकर थांबले नाहीत. इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी या संस्थेतून त्यांचं लिखाण चालू राहिलं. बारमाही उसाऐवजी आठमाही पाणी देऊन जास्त शेतकऱ्यांना भिजवता येईल का, हे तपासणाऱ्या समितीतही ते होते. ३० जुलै १९९५ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मराठवाड्याच्या वाट्याला किती आलं आणि किती राहिलं, हे सांगायला हातात ताजा आकडा लागतो, आणि तो मोजल्याशिवाय मिळत नाही. पीक विम्याचंही तसंच आहे. भरपाई आली नाही म्हणून तहसीलवर मोर्चा निघतो तो दिवाळीनंतर, पण वजनकाटा रानात लागतो तो सोयाबीन काढणीच्या वेळी. आपल्या मंडळात कापणी प्रयोग कधी आणि कोणत्या गटात आहे, हे तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवकाला आधीच विचारून गावातली चार माणसं तिथे उभी राहिली, तर लिहिला जाणारा आकडा खरा राहील.