शार्ल रिशे

शार्ल रिशे यांचा जन्म २६ ऑगस्ट १८५० रोजी पॅरिस येथे झाला. वडील नामवंत शल्यविशारद होते. पुत्रानेही वैद्यकाचाच मार्ग धरला; परंतु त्यांचे मन शरीराच्या अंतर्गत व्यापारांत अधिक रमले. १८८७ मध्ये ते पॅरिस येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

लसीकरणाच्या यशामुळे त्या काळी एक समजूत दृढ झाली होती. विष अल्प मात्रेत दिल्यास शरीर सावध होते व पुढच्या हल्ल्यास तोंड देते, असे मानले जाई. रिशे यांचाही त्यावर विश्वास होता. १९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट यांच्या नौकेवर त्यांनी पॉल पोर्तिए यांच्यासह एका दंश करणाऱ्या समुद्रजीवाच्या विषाचा अभ्यास केला. पॅरिसला परतल्यावर समुद्रपुष्प या प्राण्याचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग सुरू झाले. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला अल्प मात्रा टोचली. त्यास काहीही झाले नाही. २२ दिवसांनी तीच मात्रा पुन्हा दिली. काही क्षणांतच त्याला धाप लागली, तो कोसळला, रक्ताची ओकारी झाली आणि २५ मिनिटांत तो गतप्राण झाला. संरक्षण द्यावयास निघालेल्या संशोधकांच्या पदरी नेमके उलटे फळ आले! प्रयोग फसला म्हणून दुसऱ्या कोणी तो सोडूनही दिला असता. रिशे यांनी तो पुन्हा पुन्हा केला आणि १९०२ मध्ये या प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे संरक्षणाच्या विरुद्ध अवस्था, असे नाव दिले.

शेंगदाणे, मासे वा अंडे खाताच काहींच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. अन्नाच्या या ॲलर्जीचे मूळ अशाच प्रतिक्रियेत आहे. निरुपद्रवी प्रथिनाला शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते व त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती त्वचेतील, श्वसनमार्गातील आणि आतड्यातील विशिष्ट पेशींवर दबा धरून बसतात. तेच प्रथिन पुन्हा आले, की त्या पेशी हिस्टॅमिनसारखी द्रव्ये सोडतात. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळतात. म्हणूनच अशा व्यक्तीला तो पदार्थ थोडाथोडा देऊन सवय लावण्याचा घरगुती प्रयोग जिवावर बेतू शकतो.

या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सर्वच विचार मात्र ग्राह्य नव्हते. प्रयोगशाळेत इतका काटेकोर असलेला हा शास्त्रज्ञ परलोकविद्येच्या नादी लागला आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचाही त्याने पुरस्कार केला. ४ डिसेंबर १९३५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. ॲलर्जी घडवणारे प्रतिपिंड, इम्युनोग्लोब्युलिन ई, अमेरिका व स्वीडन येथील संशोधकांनी १९६६-६७ मध्ये ओळखले.