गाद्यांनी आवाज मोजणारा शास्त्रज्ञ

जालना – घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय आता जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही झाली आहे. एक संगणक, एक मायक्रोफोन आणि दहा बाय बाराची खोली एवढ्या भांडवलावर भजने आणि लोकगीते मुद्रित करता येतात. अडचण असते ती भिंतींची. गिलावा केलेल्या उघड्या भिंतींवरून आवाज पुन:पुन्हा परततो आणि गायकाचा स्वर घुमू लागतो. मग फोमचे चौकोन आणले जातात. पण घर भाड्याचे असेल, तर भिंतीचा रंग न खरवडता ते लावायचे कसे आणि मुळात लावायचे किती, असे दोन प्रश्न उभे राहतात. यातील दुसऱ्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकाने शोधून काढले. त्यासाठी त्याने रात्री गाद्या वाहून आणल्या आणि सकाळ होण्यापूर्वी त्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. वॉलेस क्लेमेंट सबाइन हे त्याचे नाव.

सबाइन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या रिचवूड या लहानशा गावी झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८६ मध्ये, ते ओहायो राज्य विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणासाठी हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. तेथेच ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. डॉक्टरेट त्यांनी कधीच मिळविली नाही. ध्वनी हा त्यांच्या अभ्यासाचा विषयही नव्हता. तो त्यांच्याकडे चालून आला तो विद्यापीठाच्या एका फजितीमुळे.

हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयाची इमारत १८९५ मध्ये खुली झाली. इमारत देखणी होती, परंतु तिच्यातील व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले. वक्त्याने उच्चारलेला शब्द तेथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात पुढचे अनेक शब्द बाहेर पडलेले असत आणि श्रोत्यांना नुसता कल्लोळ ऐकू येई. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हा दोष दूर करण्याचे काम भौतिकशास्त्र विभागातील या तरुण प्राध्यापकावर सोपविले. त्या काळी सभागृहाचा आवाज चांगला निघणे हा दैवाचा भाग मानला जाई. वास्तुविशारद जुन्या नावाजलेल्या सभागृहांचे अनुकरण करीत आणि यश मिळेल अशी आशा बाळगीत.

सबाइन यांनी अनुकरणाचा मार्ग सोडून मोजमापाचा मार्ग धरला. विद्यापीठाच्याच सँडर्स थिएटरमध्ये आवाज चांगला येत असे आणि तेथील बाकांवर गाद्या होत्या. त्या गाद्या त्यांनी फॉगच्या व्याख्यानगृहात आणविल्या. आधी थोड्या गाद्या मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, ती थांबल्यापासून आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ मोजायचा, नंतर आणखी गाद्या मांडायच्या, असा क्रम चाले. बाके झाली, मधल्या वाटा झाल्या, व्यासपीठ झाले, मागची भिंतही गाद्यांनी झाकली गेली. साडेपाच सेकंदांचा निनाद उतरत उतरत एका सेकंदाच्या आसपास आला.

हे सारे मध्यरात्रीनंतर चाले. दिवसा रस्त्यावरच्या ट्रामगाड्यांचा खडखडाट मोजणीत व्यत्यय आणी आणि गाद्याही सकाळी सँडर्स थिएटरमध्ये हव्या असत. मुंबईत अर्देशिर इराणी यांनी १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट काढला, तेव्हा लगतच्या लोहमार्गामुळे त्यांनाही चित्रीकरणासाठी रात्रीचीच वेळ निवडावी लागली होती. खोलीतला निनाद गाद्यांनी आवरता येतो, बाहेरचा गोंगाट मात्र त्यांनी अडत नाही. फोमलाही तोच नियम लागू आहे, हे घरात स्टुडिओ थाटणाऱ्या अनेकांना पैसे खर्च झाल्यावर कळते.

सबाइन यांची चिकाटी विलक्षण होती. मोजणाऱ्या माणसाच्या अंगावरील कपडेही आवाज शोषतात आणि कपडे बदलले की आकडे बदलतात, हे ध्यानात येताच त्यांनी आधीची हजारो निरीक्षणे बाद ठरविली. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला ते ठराविक पोशाखच घालून बसू लागले. एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो, असेही त्यांना आढळले. रिकाम्या मंगल कार्यालयात घुमणारा ध्वनिक्षेपक वऱ्हाडी जमताच स्पष्ट का ऐकू येतो, याचे कारण हेच आहे.

दोन वर्षांहून अधिक काळ लोटला तरी प्रयोग संपेनात. एलियट यांचा धीर सुटू लागला. अखेर निवडक भिंतींवर जनावरांच्या केसांचा नमदा बसवून १८९८ मध्ये फॉगचे व्याख्यानगृह वापरण्याजोगे करण्यात आले. त्याच सुमारास बोस्टनमध्ये नवे संगीतगृह बांधण्याची तयारी सुरू होती आणि सल्लागार म्हणून सबाइन यांचे नाव पुढे आले. हाती आकड्यांचा ढीग होता, नियम मात्र सापडलेला नव्हता, म्हणून ते प्रथम कचरले. २९ ऑक्टोबर १८९८ च्या रात्री घरी जुन्या नोंदी चाळताना त्यांना उलगडा झाला. शोषणारा पृष्ठभाग आणि निनादाचा काळ यांचा आलेख अपास्त या वक्ररेषेचा होता. शोषण दुप्पट केले की निनाद निम्मा होतो, हा त्याचा सोपा अर्थ. हा आनंद त्यांनी सर्वप्रथम आपल्या आईला सांगितला.

या नियमाचे सूत्र आजही वापरात आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागायचे, की निनादाचा काळ सेकंदांत मिळतो. शोषण मोजण्यासाठी सबाइन यांनी उघडी खिडकी प्रमाण मानली. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. शोषणाच्या एककाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

बोस्टनच्या संगीतगृहाची मूळ कल्पना जर्मनीतील लाइपझिगच्या संगीतगृहाची मोठी आवृत्ती काढण्याची होती. तसे केल्यास निनाद लांबेल, हे सबाइन यांनी गणिताने दाखविले आणि आराखडा बदलण्यात आला. १५ ऑक्टोबर १९०० रोजी खुले झालेले हे सभागृह जगातील सर्वोत्तम संगीतगृहांत गणले जाते. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातील १९८० मध्ये सुरू झालेल्या टाटा थिएटरसाठी सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात आले. अशा तज्ज्ञांचा व्यवसाय उभा राहिला तो सबाइन यांच्या पायावर.

आवाजाचा स्वर खालचा की वरचा, यावर शोषण अवलंबून असते, हेही सबाइन यांनी पुढील संशोधनात दाखवून दिले. पातळ फोम वरच्या पट्टीतील आवाज शोषतो, परंतु तबल्याच्या डग्ग्याची घुमक त्याला पुरून उरते. तिच्यासाठी जाडी हवी. फोम हलक्या लाकडी चौकटीवर बसवून ती भिंतीपासून काही बोटे दूर उभी केली, तर खालच्या स्वरांचे शोषण वाढते आणि भिंतीला डिंकही लागत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळते. जाड गोधड्या टांगून आधी अंदाज घेतला तर खर्चही वाचतो. मात्र साधा फोम झपाट्याने पेटतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २००३ च्या फेब्रुवारीत भिंतींवरील फोमने पेट घेतल्याने एका नाइट क्लबमध्ये १०० जणांचा बळी गेला होता. फोम निवडताना याचा विसर पडू नये.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सबाइन यांनी प्रकृतीची पर्वा न करता युरोपात आणि मायदेशी काम केले. इलिनॉय राज्यातील जिनीव्हा येथे ध्वनिसंशोधनासाठी त्यांच्या आराखड्यानुसार रिव्हरबँक प्रयोगशाळा उभी राहिली, पण तेथे प्रयोग करणे त्यांच्या नशिबी नव्हते. १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेची धुरा त्यांचे दूरचे नातलग पॉल सबाइन यांनी सांभाळली, तर त्यांचे शोधनिबंध १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

भिंतीवर कायमचे काही चिकटविण्यापूर्वी सबाइन यांनी रात्रीमागून रात्री तात्पुरत्या गाद्या मांडल्या, मोजल्या आणि परत नेल्या. भाड्याच्या खोलीत गाणाऱ्या कलावंताला याहून चांगला धडा कोणता मिळणार?